सिलिअ‍ॅक असलेल्या मुलीची उंची ग्लुटेनमुक्त आहाराने भरून निघते का?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी ७ वर्षांची, उंची १०८ सेंमी, वजन साडेपंधरा किलो. गेली दोन वर्षं वर्षाला जेमतेम ३ सेंमी वाढत होती. रक्ततपासणी आणि दुर्बिणीतून काढलेले आतड्याचे तुकडे, दोन्हींवरून सिलिअ‍ॅकचं निदान झालं. गहू बंद करून दोन महिने झाले. वजन सव्वा किलोने वाढलं, उंची मात्र तिथेच आहे. उंची वाढणार का, किती वाट पाहायची, आणि नुसत्या भाकरीवर मूल पोसतं का?

उंची वाढेल. सातव्या वर्षी निदान झालेल्या, पथ्य नीट पाळणाऱ्या बहुतेक मुलांची राहिलेली वाढ भरून निघते. दोन महिन्यांत उंचीत फरक न दिसणं अगदी अपेक्षित आहे आणि वजन आधी वाढलं हे चांगलं लक्षण आहे. पण 'पथ्य नीट' या दोन शब्दांत बरंच काही येतं. आपल्याकडे मुलाची वाढ अडते ती बहुधा पोळी खाल्ल्यामुळे नव्हे, तर गिरणी, भाजणी, हिंग आणि प्रसाद यांतून नकळत पोटात जाणाऱ्या गव्हामुळे. त्यामुळे या उत्तराचा मोठा भाग स्वयंपाकघरावर आहे.

आधी वाढ का थांबली ते पाहू. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे अशा मुलांची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या पृष्ठभागावरचे अन्नरस शोषणारे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. झीज सर्वांत जास्त आतड्याच्या सुरुवातीच्या भागात असते, आणि लोह, कॅल्शियम, फॉलिक आम्ल यांचं शोषण मुख्यतः तिथेच होतं. म्हणून मूल जेवत असलं तरी हिमोग्लोबिन ९ वर अडकतं आणि महिनोन्महिने लोहाचं औषध देऊनही हलत नाही.

पण उपासमार हे एकच कारण नाही. पोट अजिबात न बिघडलेली, जुलाब नसलेली मुलंही सिलिअ‍ॅकमुळे बुटकी राहतात. मेंदूतल्या ग्रंथीतून वाढीचं हार्मोन येतं. त्याच्या सांगण्यावरून यकृत आयजीएफ-१ नावाचा घटक बनवतं आणि हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या त्यावर चालतात. शरीरात सतत दाह असला आणि पोषण कमी पडत असलं की यकृत या हार्मोनला दाद देईनासं होतं. हार्मोन असूनही आयजीएफ-१ कमीच राहतं. झिंकच्या कमतरतेने भूकही मरते आणि वाढही मंदावते.

सुधारणेचा क्रम यावरूनच ठरतो. ग्लुटेन थांबल्यावर दोन-चार आठवड्यांत चिडचिड कमी होते, पोटाचा फुगवटा उतरतो, भूक लागते. मग वजन भरतं. उंचीसाठी आधी दाह उतरावा लागतो, आयजीएफ-१ वर यावं लागतं आणि मग हाडं लांबायला लागतात. याला तीन ते सहा महिने जातात. उंचीच्या वेगातला स्पष्ट फरक साधारण सहा महिने ते वर्षाच्या आत दिसतो आणि भरपाई पूर्ण व्हायला दोन ते तीन वर्षं लागतात.

किती वेग अपेक्षित धरायचा? चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत निरोगी मूल वर्षाला ५ ते ६ सेंमी वाढतं. पथ्याच्या पहिल्या वर्षी हा वेग ८-९ सेंमीपर्यंत, लहान मुलांत त्याहूनही वर जाऊ शकतो. समजा, तुमची मुलगी पहिल्या वर्षी ९, दुसऱ्या वर्षी साडेसात आणि तिसऱ्या वर्षी ६ सेंमी वाढली. दहाव्या वर्षी ती साडेएकशेतीस सेंमीवर असेल, म्हणजे त्या वयाच्या सरासरीच्या जवळ. हे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून दिले आहेत. प्रत्येक मुलाची रेषा वेगळी असते. लक्षात घ्यायचं ते एवढंच, की पहिल्या वर्षी वेग सर्वांत जास्त असतो आणि मग तो हळूहळू नेहमीच्या वेगावर येतो. तिसऱ्या वर्षी वेग कमी झाला म्हणून घाबरायचं नाही.

गाठायची उंची आईवडिलांवरून ठरते. मुलीसाठी वडिलांच्या उंचीतून १३ सेंमी वजा करा, त्यात आईची उंची मिळवा आणि दोनाने भागा. वडील १७० आणि आई १५६ असेल तर मुलीची अपेक्षित उंची साडेएकशेछप्पन्न, त्यात ८-१० सेंमी इकडेतिकडे. मुलासाठी १३ वजा न करता मिळवायचे. आईवडील दोघंही कमी उंचीचे असतील, तर पथ्य कितीही चोख पाळलं तरी मूल त्यांच्या रेषेवर येईल, त्याच्या फार पुढे जाणार नाही. ही गोष्ट घरात सुरुवातीलाच बोलून ठेवावी, नाहीतर दोन वर्षांनी विनाकारण पथ्यावर खापर फुटतं.

मोजमापात होणारी चूक हे काळजीचं फार मोठं आणि फुकाचं कारण आहे. उंची दर महिन्याला मोजू नका. महिन्याची वाढ अर्धा-पाऊण सेंमी आणि मोजण्यातली चूकही तेवढीच, मग आकडे नाचतात. तीन महिन्यांनी मोजा आणि वेग काढायचा तर किमान सहा महिन्यांच्या अंतराने मोजलेल्या दोन उंचींवरून काढा. वेळ सकाळची ठेवा, कारण दिवसभरात मणके दबून उंची साधारण सेंटिमीटरभर कमी भरते. पायात काही नको, वेणी किंवा अंबाडा सोडलेला, टाचा, पार्श्वभाग आणि खांदे भिंतीला टेकलेले, नजर समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात धरून खूण करा. तीनदा मोजून मधला आकडा लिहा. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं झोपवून मोजायची असते. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता आणि त्यापुढे १८ पर्यंत इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचा २०१५ चा तक्ता वापरला जातो. डॉक्टरांकडून त्याची एक प्रत घ्या आणि स्वतः ठिपके मांडा.

वाढीचा आलेख ही या आजारातली सर्वांत जुनी तपासणी आहे. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० साली उट्रेख्ट विद्यापीठात प्रबंध सादर केला, त्यात गहू बंद केल्यावर मुलांची वाढ सुधारते आणि पुन्हा दिला की खुंटते हे दाखवलं. तेव्हा अँटिबॉडीची तपासणी नव्हती. आजही टीटीजीचा, म्हणजे रक्तातल्या या आजाराच्या अँटिबॉडीचा आकडा अधूनमधून होणाऱ्या कुपथ्याला फसतो; आलेख मात्र सहसा फसत नाही.

आता स्वयंपाकघर.

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, मका, सगळ्या डाळी आणि कडधान्यं यांत मुळात ग्लुटेन नाही. म्हणजे महाराष्ट्रात आणि कोकण-गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या जे रोज खाल्लं गेलं, त्यातलं बहुतेक तुमच्या मुलीला चालतं. भाकरी, घावन, आंबोळी, तांदळाची उकड, पोहे, उकडीचे मोदक, इडली, डोसा, सगळं चालतं. चालत नाही ते गव्हाचं कुठलंही रूप: कणीक, मैदा, रवा, दलिया, शेवया, पाव, टोस्ट, खारी, नानकटाई, कुरडई. खपली गहूही गहूच आहे. 'खपली पचायला हलका, तो चालतो' असं सर्रास सांगितलं जातं, ते सिलिअ‍ॅकच्या बाबतीत साफ चूक आहे. अशक्तपणावर दिला जाणारा गव्हांकुराचा रसही नको. 'उंची वाढावी' म्हणून दुधात घालायच्या अनेक पावडरी माल्टच्या असतात आणि माल्ट म्हणजे मोड आणलेले जव. बुटक्या मुलाला नेमकी तीच पावडर आवर्जून दिली जाते, म्हणून हे आधी तपासा.

गहू दडून बसतो त्या आपल्या घरातल्या जागा ठरलेल्या आहेत. थालिपिठाच्या भाजणीत बहुतेक घरांत मूठभर गहू असतो. मेतकुटात असतो. सातूचं पीठ गव्हाचं किंवा जवाचं असतं. डबीत मिळणारा बांधणीचा हिंग शुद्ध नसतो. त्यात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, काहींत तांदळाचं. प्रमाण चिमटीएवढं, पण ते रोजच्या वरणात, भाजीत, लोणच्यात आणि पापडात जातं. लेबल वाचून तांदळाच्या पिठाचा घ्या किंवा शुद्ध खड्याचा. सोया सॉसमध्ये गहू असतो, म्हणून गाडीवरचा 'नुसता राइस' चालत नाही. बाहेरची बटाटाभजी बेसनाची असली तरी त्याच कढईत समोसे तळलेले असतात.

सगळ्यांत मोठी अडचण गिरणीची. इथे थोडा हिशेब मांडतो, कारण तो कळला की पुढचं सगळं आपसूक पटतं. कणकेत साधारण ८ टक्के ग्लुटेन असतं. तुमच्या पाच किलो ज्वारीच्या आधी गिरणीवर गहू दळला गेला असेल, तर पाट्यांमध्ये आणि पीठ पडतं त्या कापडी नळीत राहिलेली कणीक तुमच्या डब्यात उतरते. ती ५० ग्रॅम धरा. म्हणजे किलोमागे १० ग्रॅम कणीक, तीत ८०० मिलिग्रॅम ग्लुटेन. मुलीने दिवसात दोन भाकऱ्या खाल्ल्या, म्हणजे साधारण १०० ग्रॅम पीठ, तर तिच्या पोटात ८० मिलिग्रॅम ग्लुटेन गेलं. मोठ्या माणसांवर झालेल्या एका चाचणीत रोज ५० मिलिग्रॅम तीन महिने दिल्यावर आतड्यात बिघाड दिसला. १० मिलिग्रॅमपर्यंत बहुतेकांना सोसतं असं मानलं जातं. घरात पोळी बंद, मूल फक्त भाकरी खातंय, तरी आतडं भरून येत नाही आणि टीटीजी उतरत नाही, याचं उत्तर पुष्कळदा या पिठात असतं. तुलनेसाठी, भारतात 'ग्लुटेनमुक्त' छापायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. गिरणीतलं ते पीठ त्याच्या चाळीस पट भरलं.

यावर उपाय घरघंटीचा. जमत असेल तर घ्या आणि तिच्यात गहू कधीही दळू नका, घरातल्या इतरांसाठीसुद्धा नाही. जुनी, गव्हासाठी वापरलेली घरघंटी नुसती झाडून काम भागत नाही. घरघंटी शक्य नसेल, तर फक्त ज्वारी-बाजरी किंवा मसाले-तांदूळ दळणारी वेगळी चक्की आहे का ते पाहा. तेही नसेल, तर वेष्टनावर ग्लुटेनमुक्त लिहिलेलं पीठ घ्या. 'आधी दोन किलो तांदूळ दळून घ्या, मग आमचं' हा उपाय घाण कमी करतो, पण भरवशाचा नाही. दळायच्या आधी धान्य ताटात पसरून निवडा; बाजारातल्या ज्वारी-बाजरीत गव्हाचे दाणे सापडतातच. मग धुऊन, उन्हात कडक वाळवून दळा. सुटं बेसनही गिरणीतूनच येतं, तेव्हा हरभरा डाळ आणून घरीच दळलेली बरी.

घरात इतरांसाठी गहू राहणार असेल तर पोळपाट-लाटणं, चाळणी, परात आणि तवा मुलीचा वेगळा ठेवा. लाकडी लाटण्याच्या भेगांत आणि चाळणीच्या जाळीत पीठ राहतं, ते धुऊन जात नाही. स्टीलची भांडी नीट घासली की चालतात. तिची भाकरी आधी, पोळ्या नंतर. कणीक चाळताना उडालेलं पीठ ओट्यावर बसतं, म्हणून तिचा डबा तोपर्यंत बंद झालेला असावा. तूप, लोणी आणि जॅमच्या बरणीत पोळीला लावलेला चमचा परत बुडवू नये. अनेक घरं शेवटी मुलीसाठी म्हणून नव्हे, तर सोयीसाठी सगळ्यांचाच गहू बंद करतात. मुलाला वेगळं पाडल्यासारखं वाटत नाही हा त्यातला सर्वांत मोठा फायदा, आणि शक्य असेल तर मी हाच रस्ता सुचवेन.

सत्यनारायणाचा शिरा रव्याचा असतो. चमचाभर शिऱ्यात पाच ग्रॅम रवा धरला तरी ४०० मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुटेन गेलं, म्हणजे वर सांगितलेल्या दूषित पिठाच्या पाच दिवसांएवढं. 'देवाचं आहे, एका घासाने काय होतंय' या वाक्यापुढे आईवडील हमखास नमतात. प्रसादाचा शिरा वरईच्या रव्याचा किंवा तांदळाच्या रव्याचा करता येतो, आणि साखर, केळं, पेढा हाही प्रसादच आहे. आजी-आजोबांना एकदा डॉक्टरांसमोर बसवून समजावून सांगितलं की निम्मं काम होतं. 'गव्हाची अ‍ॅलर्जी आहे' असं सांगू नका. अ‍ॅलर्जी वयानुसार जाते अशी लोकांची समजूत असते. 'गव्हाने तिचं आतडं जखमी होतं आणि गहू तिला आयुष्यभर चालणार नाही' एवढं स्पष्ट सांगा.

नुसत्या भाकरीवर मूल पोसतं का, याचं उत्तर: भाकरीवर पोसतं, नुसत्या भातावर नाही. गहू बंद झाला की पुष्कळ घरांत दोन्ही वेळा भात आणि मधल्या वेळी वेफर्स असं चालू होतं. त्यात उष्मांक भरतात, पण लोह, तंतू आणि प्रथिनं कमी पडतात. ग्लुटेन गेलं तरी हाडं लांबायला सामान लागतंच. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची रोजची सर्वसाधारण गरज साधारण १,७०० उष्मांकांची आहे आणि राहिलेली वाढ भरून काढणाऱ्या मुलाला त्याहून जास्त लागतं. पथ्य लागू पडलं की भूकही चांगली वाढते, ती दाबू नका.

तुमच्या मुलीसाठी दिवस साधारण असा लावता येईल. सकाळी कपभर दूध आणि अंडं, किंवा अंडं चालत नसेल तर नाचणीचं सत्त्व दुधात. नाश्त्याला भरपूर शेंगदाणे घातलेले पोहे, घावन किंवा मुगाचं धिरडं. डब्यात लाटलेली ज्वारीची भाकरी आणि मटकी-मुगाची उसळ किंवा पनीर. दुपारी वरण-भात-तूप, पालेभाजी, वाटीभर दही. संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू किंवा शेंगदाण्याची चिक्की आणि एक केळं. रात्री बाजरीची किंवा नाचणीची भाकरी आणि आमटी, मासे किंवा पिठलं. दिवसभरात चार चमचे तूप घातलं तर १८० उष्मांक सहज वाढतात; ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून १७० उष्मांक आणि सात-आठ ग्रॅम प्रथिनं मिळतात. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे. तिच्या वयाला रोज ६५० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे एक नाचणीची भाकरी, एक कप दूध आणि वाटीभर दही यांवर बरंचसं भागतं. उसळीवर लिंबू पिळा, लोह जास्त शोषलं जातं. चहा मात्र जेवणासोबत नको.

डब्यात भाकरी वाळून कडक होते आणि मूल ती तशीच परत आणतं, ही तक्रार घरोघरी आहे. त्यासाठी उकड काढा. वाटीभर पाणी, चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप उकळा, त्यात वाटीभर ज्वारीचं पीठ घालून गॅस बंद करा, झाकून दहा मिनिटं ठेवा. कोमट असताना चांगलं मळा आणि तांदळाच्या पिठीवर पातळ लाटा. गरज वाटली तर पिठात चमचाभर इसबगोल घाला, त्याने पीठ धरून राहतं. भाजल्यावर लगेच फडक्यात गुंडाळली तर दुपारपर्यंत मऊ राहते आणि तिची गुंडाळीही होते. शाळेत इतरांच्या पोळीभाजीच्या डब्याशेजारी ती वेगळी दिसत नाही, आणि सात वर्षांच्या मुलीला याचं महत्त्व फार असतं.

बाजारातली ग्लुटेनमुक्त बिस्किटं आणि केक गरजेपुरते ठेवा. ते महाग तर असतातच, शिवाय त्यांत साखर आणि चरबी जास्त, तंतू आणि जीवनसत्त्वं कमी. पथ्यावर दोन-तीन वर्षं झालेली काही मुलं उंचीपेक्षा वजनाने पुढे जातात ती यामुळेच. ओट्सही सध्या नकोत. त्यांत गहू-जवांची भेसळ असतेच आणि शुद्ध ओट्ससुद्धा काही थोड्यांना सोसत नाहीत. टीटीजी उतरून वाढ रुळावर आल्यावर, डॉक्टरांना विचारून, प्रमाणित शुद्ध ओट्स द्यायला हरकत नाही.

सुरुवातीला दुधाने पोट फुगलं किंवा पातळ झालं तर दूध कायमचं तोडू नका. झिजलेल्या आतड्यात दुधातली साखर पचवणारं विकर कमी पडतं, ते काही आठवड्यांत परत येतं. तोवर दही-ताक द्या, मग थोडं थोडं दूध सुरू करा.

औषधांबद्दल: निदानाच्या वेळी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व, बी-१२, फॉलिक आम्ल आणि थायरॉइड पाहिलेलं असावं, नसेल तर आता पाहून घ्या. लोहाचा डोस साधारण दर किलो वजनाला दिवसाला ३ मिलिग्रॅम मूळ लोह असा धरतात, तो डॉक्टर ठरवतील. हिमोग्लोबिन सामान्य झाल्यावरही दोन-तीन महिने चालू ठेवावा लागतो, नाहीतर साठा भरत नाही. पथ्याआधी न लागू पडलेलं तेच औषध आता लागू पडतं. झिंक, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरुवातीचे काही महिने दिलं जातं. औषधाच्या गोळीत किंवा चूर्णात गव्हाचं स्टार्च नाही ना, हे औषधवाल्याला विचारा.

तपासण्यांचं वेळापत्रक: टीटीजी सहा महिन्यांनी, वर्षाने आणि मग दरवर्षी. आकडा लगेच शून्यावर येत नाही. सुरुवातीला तो मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून जास्त असेल तर सामान्य व्हायला दोन वर्षं, कधी त्याहून अधिक लागतात. तो सातत्याने उतरतोय ना, हे महत्त्वाचं. मुलांमध्ये पुन्हा दुर्बीण सहसा लागत नाही.

वर्ष झालं तरी वेग ५ सेंमीच्या खालीच असेल तर काय? पहिला संशय गव्हावर. सात दिवस तिच्या तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट, कुठे दळली आणि कशात शिजवली यासकट लिहा आणि सिलिअ‍ॅकची माहिती असलेल्या आहारतज्ज्ञांना दाखवा. शाळेत डब्यांची अदलाबदल होते, मुलं ते घरी सांगत नाहीत. रागावून विचारलंत तर कधीच सांगणार नाहीत. दुसरा संशय खाणं कमी पडण्यावर. वजनही थांबलं असेल तर हेच कारण जास्त शक्य. तिसरा, जोडीचा दुसरा आजार. सिलिअ‍ॅकसोबत थायरॉइडचा आजार आणि टाइप १ मधुमेह इतरांपेक्षा जास्त आढळतो. मुलगी असेल तर टर्नर सिंड्रोम, म्हणजे मुलींमधला गुणसूत्रांचा जन्मजात दोष, विसरू नये. त्यातही मुली बुटक्या राहतात आणि सिलिअ‍ॅकचं प्रमाणही जास्त असतं. गुणसूत्रांच्या तपासणीने ते कळतं.

वाढीच्या हार्मोनची तपासणी सगळ्यात शेवटी. आतडं जखमी असताना ती केली तर हार्मोन खोटंच कमी दिसू शकतं आणि नको तेव्हा महागडी इंजेक्शनं सुरू होतात. टीटीजी उतरलं, पथ्य चोख, खाणं पुरेसं, आणि तरी वर्षभर वेग नाही, तेव्हा ती करायची. खरोखर हार्मोनची कमतरता असलेली मुलं थोडी असतात, पण असतात. त्यांना उपचाराचा फायदा होतो, पथ्य सोबत असेल तर.

वयाचा मुद्दा जरा खोलात सांगायला हवा. पाच वर्षांआधी निदान झालं तर भरपाई जवळजवळ पूर्ण होते. सात-आठ वर्षांतही खूप वाव असतो. तेरा-चौदाव्या वर्षी निदान झालेल्या मुलीची गोष्ट निराळी: पाळी सुरू झाल्यावर साधारण ५ ते ७ सेंमीच वाढ उरते, त्यामुळे आधीची सगळी तूट निघत नाही. तरीही आशा असते, कारण उपचाराविना सिलिअ‍ॅकमध्ये वयात येणंच लांबतं आणि हाडांचं वय मागे राहतं. डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून ते समजतं. वय १३ आणि हाडांचं वय ११ असेल तर वाढीला दोन वर्षं जादा मिळाली असं धरता येतं. मुलग्यांना वयात येणं उशिरा असल्याने थोडा अधिक वेळ मिळतो.

आणखी दोन गोष्टी. बुटकेपणासाठी तपासणी चालू असलेल्या कुठल्याही मुलाचा गहू तपासणीआधी बंद करू नका. टीटीजी उतरतं, आतडं भरू लागतं आणि मग निदानच लटकतं. टीटीजीसोबत एकूण आयजीएही (अँटिबॉडींचा एक प्रकार, टीटीजीची तपासणी त्यावरच चालते) पाहावं लागतं, कारण काहींच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असतं आणि मग टीटीजीची तपासणी खोटी नॉर्मल येते. 'हा उत्तरेतल्या लोकांचा आजार' ही समजूतही सोडायला हवी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात उत्तर भारतात तो १.२३ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळला. त्यासाठी लागणारी जनुकं मात्र दक्षिणेतही तितकीच होती, खाण्यातला गहू कमी होता. महाराष्ट्रात आता भाकरीची जागा पोळी, बिस्किटं आणि पावाने घेतली आहे, तेव्हा इथे त्याचा विचार व्हायलाच हवा.

मुलगी उंच होऊ लागली, गाल भरले, की साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घरात विचार येतो: आता बरी झाली, थोडी पोळी देऊन बघू. पोट दुखणार नाही, जुलाबही होणार नाहीत, कदाचित महिनोन्महिने काहीच दिसणार नाही. पण आतडं आत झिजत असतं आणि पहिली खूण बहुधा आलेखावरच उमटते. वयात येताना हे घडलं तर गेलेले सेंटिमीटर परत येत नाहीत, कारण तेव्हा वेळच उरलेला नसतो.

तिच्या सख्ख्या भावंडांची आणि तुम्हा दोघांचीही टीटीजी आणि एकूण आयजीए तपासणी करून घ्या. पहिल्या नात्यात दहा-वीस जणांमागे एकाला हा आजार निघतो आणि पुष्कळदा काही त्रास नसताना निघतो. आज नॉर्मल आली तरी भावंडांची दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा करा. आणि त्यांच्यापैकी कुणाच्या उंचीचा वेग मंदावला, तर दोन वर्षं पूर्ण होण्याची वाट पाहू नका.